लॅबमधल्या मामांना, चोथा पिळायला शिकवल्याबद्दल

मामा, नमस्कार.

तुमच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे, तेव्हा हे तुमच्या नातीने तुम्हाला वाचून दाखवावं अशी तिला विनंती. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, किंबहुना वाचावंच म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. गच्चीत चार कुंड्या लावून तुळस, गवती चहा, अडुळसा करणारे आता पुण्यात गल्लोगल्ली आहेत, त्यातले बरेच जण घरी टिंक्चर (दारूत उतरवलेला वनस्पतीचा अर्क) पण करून बघतायत, आणि बरणीत पाला भरायचा, वरून दारू ओतायची, रोज हलवायचं एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कोणी सांगत नाही. जिथे बघावं तिथे "मग गाळून घ्या" म्हणून एका ओळीत विषय संपवतात. त्या एका ओळीत काय काय असतं ते तुम्ही आमच्या ओट्याशी उभं राहून दाखवलंत, त्याचे हे आभार.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, मामा म्हणजे माझे सख्खे मामा नाहीत. इथल्या एका फार्मसी कॉलेजच्या लॅबमधले मामा, आता रिटायर होऊन आमच्याच बिल्डिंगमध्ये मुलीकडे राहतात. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सगळी मांडामांड करणारे, पोरं गेल्यावर प्रेसमधला चोथा काढून जाळी घासणारे. सर लोकांना फार्माकोपियातलं (औषधं कशी करायची त्या प्रमाण ग्रंथातलं) पान पाठ असतं हो, पण कापड कुठलं घ्यायचं आणि कुठल्या क्षणी हात थांबवायचा हे मामांनाच माहीत असतं, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

तर पहिली गोष्ट कापड. श्रीखंडाचा चक्का बांधायला घेतो तेच मलमल, पण नवीन असेल तर त्यात खळ असते, ती टिंक्चरमध्ये उतरते आणि मग कितीही गाळा, ढगाळ ते ढगाळच. म्हणून साबण न लावता दोनदा उकळायचं, कडकडीत वाळवायचं. आणि वापरायच्या आधी पाण्याने नाही भिजवायचं, त्याच दारूचे दोनचार चमचे शिंपडायचे, कारण पाण्याने भिजवलं तर तेवढं पाणी टिंक्चरमध्ये जाणार. हे इतकं साधं आहे की मी कुठे वाचलं नव्हतं.

दुसरं म्हणजे सोऱ्या! मी खरं तर मोठा फ्रूट प्रेस मागवणार होते, चांगले पैसे जाणार होते त्यात. तुम्ही म्हणालात, ताई, घरात सोऱ्या आहे ना, मग तो काय आहे, स्क्रू प्रेसच आहे की. फक्त कुठला ते बघून घेतलंत. आजेसासूबाईंचा पितळी चालणार नाही, पाल्यातले आंबट आणि तुरट पदार्थ तांब्याशी खेळतात, ॲल्युमिनियमचा पण त्याच कारणाने नको, स्टीलचा फिरकीवाला घ्या. तो बोहरी आळीत मिळाला, चकलीला पण होईल म्हणून घरात कोणी काही बोललं नाही. शेवेची बारीक चकती खाली, चोथा मलमलच्या पुरचुंडीत, आणि नळी अर्ध्याच्या वर भरायची नाही.

पण त्याच्याही आधी नुसतं निथळू द्यायचं. पातेल्यावर चाळणी, चाळणीत कापड, त्यात सगळं ओतायचं, वर ताट झाकायचं (झाकलं नाही तर दारू उडून जाते आणि घरभर वास) आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी जे खाली आलेलं असतं ते बघून वाटतं की झालं. १०० ग्रॅम भरड बडीशेप आणि ५०० मिली व्होडका घातली असेल तर त्यातलं शंभरेक मिली तरी अजून चोथ्यातच बसलेलं असतं. आणि ते काही हलक्या प्रतीचं नाही, बाहेर आलंय त्याच ताकदीचं आहे. लोक तो चोथा कुंडीत टाकून मोकळे होतात.

मग पिळणं. मला वाटायचं ताकदीचं काम आहे, आमच्या ह्यांना बोलवायला लागणार. तुम्ही अर्धा फेरा फिरवलात आणि चक्क हात काढून बसलात. ठिबक ठिबक. थांबलं की परत अर्धा. एकदम जोर लावला तर रस बाहेर यायच्या वाटाच दाबल्या जातात, कापड फाटतं आणि बारीक भुकटी गाळलेल्या रसात उतरते, म्हणून. त्यासाठीच पाला पण मिक्सरवर पीठ करून घ्यायचा नाही, खलबत्त्यात भरड ठेवायचा, पिठाचा नुसता लगदा होतो. सोऱ्या नसेल त्यांनी एकात एक बसणारे दोन स्टीलचे डबे घ्यावेत, खालच्या डब्यात पालथी वाटी, तिच्यावर पुरचुंडी, त्यावर दुसरा डबा आणि त्यात वरवंटा ठेवून द्यावा रात्रभर, तेही छान निघतं, फक्त सावकाश. पुरणयंत्र बिलकुल नको, ते चोथाच गाळून खाली पाडतं.

आणि तुम्ही ओट्यापाशी आल्या आल्या काय केलंत तर आधी गॅस बंद केलात आणि देवघरातलं निरांजन शांत झालंय ना ते बघून आलात. मला जरा हसू आलं होतं. पण चाळीस टक्क्यांची दारू साधारण २६ अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते म्हणे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर किती तापतं ते सांगायला नको. म्हणजे पिळायच्या वेळी खिडकी उघडी, गॅस बंद, मिक्सर-ज्युसर तर त्या दिवशी ओट्यावर सुद्धा नको, मोटारीतली ठिणगी पुरते. चोथा पण लगेच कचऱ्यात नाही, गच्चीत पसरून दारू उडाली की मग ओल्या कचऱ्यात.

आता ते माप. हे मला सगळ्यात आवडलेलं. पिळून झाल्यावर बाटलीत बघितलं तर ५०० घातलेलं आणि निघालेलं ४२५ च्या आसपास, तर माझा हात आपोआप व्होडकाकडे गेला, भरून ५०० करावं म्हणून. तुम्ही बाटली बाजूला सरकवलीत. चोथ्यात जे अडकलं ते आणि बाहेर आलं ते एकाच ताकदीचं, मग वर कोरी दारू घातली की पातळच होणार, आणि कोण किती पिळतो त्यावर दर वेळी वेगळं पातळ होणार. कमी निघालं तर कमी. फार्माकोपियातली मॅसरेशनची, म्हणजे भिजत ठेवून अर्क काढायची रीत पण तशीच आहे म्हणालात, बंद भांड्यात ७ दिवस, अधूनमधून हलवायचं, गाळायचं, चोथा दाबायचा, दोन्ही रस एकत्र करून निवळू द्यायचे, आणि माप पुरं करायचं नाही. फक्त राळेसारख्या वस्तूंचं उलटं, त्यात दाबण्यासारखा चोथाच नसतो, तिथे निवळी काढून माप पुरं करतात. घरी आपण सात दिवसांऐवजी तीन-चार आठवडे ठेवतो, चालतं.

सुक्याला एकास पाच आणि ताज्याला एकास दोन हे मला माहीत होतं, पण ताज्यातलं पाणी मी धरतच नव्हते. तुम्ही दुधाच्या बिलामागे हिशोब मांडलात: १०० ग्रॅम आल्यात ८० मिलीच्या आसपास पाणीच, त्यात २०० मिली व्होडका, आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची, म्हणजे एकूण २८० मध्ये अल्कोहोल ८५, झालं तीस टक्के. पंचवीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही हा तुमचा नियम, खाली गेलं की आंबायची भीती. ते बिल मी फ्रीजवर चिकटवलंय. दूधवाल्याने तेच परत मागितलं, दिलं नाही.

निवळायला उंच आणि अरुंद बाटली घ्यायची, दोन दिवस हलवायची नाही, मग वरची निवळी सावकाश फिल्टर पेपरमधून सोडायची आणि तळातला गाळ सगळ्यात शेवटी. आधीच गाळ ओतला तर पेपर चोंदतो आणि मग बसा बघत. कॉफीचा पेपर चालतो, नसेल तर नरसाळ्यात कापसाचा बोळा. बडीशेपचं टिंक्चर पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ते बघून माझ्या बहिणीला वाटलं नासलं, तर तसं नाही, तेल दारूत विरघळलेलं असतं, पाणी वाढलं की बाहेर पडतं.

साठवण्याबद्दल तुम्ही जे बोललात ते पुस्तकातल्या "थंड आणि अंधाऱ्या जागी"पेक्षा पुष्कळ कामाचं आहे. पुण्यात वरच्या मजल्यावर थंड अंधारी जागा कुठून आणायची? माळा अंधारा असतो पण स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी असते. गॅसच्या वरचं कपाट तर विचारूच नका. तुम्ही घरभर हात लावून भिंती बघितल्यात (सासूबाईंना वाटलं ओल शोधताय) आणि उत्तरेकडच्या भिंतीला लागून जे लोखंडी कपाट आहे त्याचा सगळ्यात खालचा कप्पा ठरवलात. तपकिरी काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, आत हवा कमीत कमी, मोठ्या अर्ध्या बाटलीपेक्षा दोन छोट्या भरलेल्या बऱ्या. ड्रॉपरचं झाकण साठवणीला नाही, दारूच्या वाफेने रबर चिकट होतं आणि त्याचा अंश आत उतरतो, तेव्हा साधं घट्ट झाकण आणि ड्रॉपर फक्त रोजच्या वापराच्या छोट्या बाटलीला.

लेबल पेन्सिलने! परमनंट मार्करची शाई दारूचा एक ओघळ आला की पुसली जाते, नाव गेलं की ती बाटली कशाची हे देवाला ठाऊक, सगळी तपकिरीच दिसतात. कागदावर पेन्सिल, वरून पारदर्शक टेप. नाव, झाडाचा कुठला भाग, सुका की ओला, प्रमाण, कुठली दारू, घातल्याची तारीख, पिळल्याची तारीख. एवढं सगळं लिहायचं म्हणजे कंटाळा येतो खरा, पण लिहिते.

सासूबाईंचा विषय पण तुम्ही सोडवलात. घरात दारूची बाटली आली म्हटल्यावर केवढं झालं होतं, आणि वर वाइन शॉपमध्ये परमिटची ती पावती, १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली, तीही त्यांनी वाचली. त्यांच्यासाठी तुम्ही खाण्याच्या ग्लिसरीनमधली तुळस करायला सांगितलीत, ग्लिसरीन निम्म्याच्या वर, ६० टक्क्यांच्या आसपास, ती वर्षभरच टिकते आणि पिळायला फार चिवट, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून मग सोऱ्यात. आता त्या स्वतःच सोऱ्या फिरवतात आणि मला घाई करू नको म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर कोणी सुचवलं तर त्याला घरातून हाकलून द्या, हे तुम्ही ज्या आवाजात म्हणालात तो आवाज मी तरी आधी ऐकला नव्हता. त्यात मेथनॉल असू शकतं, डोळे जातात, जीव जातो.

आणि अजून एका गोष्टीसाठी आभार मानायचेत, त्याचं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं. मी विचारलं अडुळशाचं किती थेंब घ्यायचं, कशावर चालतं, तर तुम्ही म्हणालात ते मला विचारू नका, मी पिळायचं सांगतो, द्यायचं डॉक्टर सांगतील. गरोदर बाईला आणि लहान पोरांना तर नाहीच. इतकी वर्षं त्या लॅबमध्ये काढून एकही थेंब कोणाला औषध म्हणून दिला नाहीत तुम्ही. म्हणून आमच्याकडे सध्या जास्त करून स्वयंपाकाचंच चालू आहे, संत्र्याची साल, व्हॅनिला, आलं. मैत्रीण म्हणाली विकायला काढ, तिला तुमचंच उत्तर दिलं, लायसन लागतं.

संत्र्याची एक बाटली नातीबरोबर पाठवतेय. नागपुरी, आतला पांढरा भाग खरवडून काढलेला, पिळून निवळून झालंय. तळाशी अगदी बारीक थर परत बसलाय, तो साखरेचा असेल का, आणि परत फिल्टर करू की तसाच राहू दे, तेवढं सांगा. आणि आवळ्याचे दिवस येतायत, त्यात पाणी आल्याएवढंच धरू का?

तुमची,
चौथ्या मजल्यावरची ताई