कात्रीची बॅटरी फेकण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबरची गोड छाटणी जवळ आली की द्राक्षपट्ट्यात बॅटरीच्या कात्र्या बाहेर निघतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर रिकामीच खोक्यात पडलेली बॅटरी चार्जरला लावली, की लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग काही सुरू होत नाही. सुताराच्या ड्रिलचीही हीच गत. मग बॅटरी भंगारात तरी जाते, नाहीतर यूट्यूब पाहून चांगल्या बॅटरीच्या दोन वायरी जोडून तिला ‘जंप’ तरी मारली जाते.

खोक्यावर २१, ४८ किंवा ८८ व्होल्ट काहीही छापलेले असो, या बॅटऱ्यांत बहुधा १८६५० मापाचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे पाचांचे २१. मोठ्या बॅटरीत दोन-दोनच्या पाच जोड्या, इतकाच फरक. आतल्या बीएमएस बोर्डाला (सेलवर नजर ठेवून त्यांना जपणाऱ्या सर्किटला) बंद असतानाही किंचित करंट लागतो. काही बोर्ड तो एक-दोन सेलवरूनच ओढतात आणि तेवढेच सेल खाली जातात. चार ठीक, एक गेलेला, आणि बॅटरी मात्र ‘मेली’.

ती उघडायला बहुधा टी-१० टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाची) लागते. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. २० वर ठेवला तर भरलेल्या बॅटरीला नुसता ‘१’ दिसतो आणि मीटरच बिघडल्यासारखे वाटते. सेल जोडणाऱ्या निकेल पट्ट्यांवर प्रोब टेकवून प्रत्येक सेल वेगळा मोजा. चार सेल ३.४ आणि एक २.६, तर आशा आहे. एखादा २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिला असेल, तर त्याच्यावर मेहनत घेऊ नका: आतले तांबे विरघळलेले असते, चार्ज करताना ते पुन्हा जमून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. ‘जंप’ धोक्याची आहे ती यामुळेच. करंटला लगाम नसतो आणि दुखरा सेल कोणता हे कळतही नाही.

सगळे सेल सारखे असूनही चार्जर नकार देत असेल, तर थर्मिस्टर (बॅटरीचे तापमान कळवणारा छोटा भाग) मीटर ओहमवर लावून पाहा. तो बहुधा १० किलो-ओहमचा असतो. ३० अंशांना साधारण ८ दाखवतो आणि बोटाच्या उबेने आकडा उतरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली आहे, सेल नाही.

मागे पडलेला सेल टीपी-४०५६ मॉड्यूलने (एकच सेल चार्ज करणाऱ्या छोट्या बोर्डाने) एकटा भरावा. सुमारे २.९ व्होल्टपर्यंत ते ठरलेल्या करंटच्या दहाव्या भागानेच भरते, हे सोयीचे. मात्र एकाच अडॅप्टरवर दोन मॉड्यूल लावून दोन सेल एकाच वेळी भरू नका. निगेटिव्ह एक झाल्याने मधला सेल शॉर्ट होतो. काम फरशीवर, समोर बसून करावे. भरून झाल्यावर २४ तास ठेवा. ४.१ च्या खाली उतरला तर तो सेल बदलायचाच.

बदलताना खरी फसगत होते. पॉवर बँकेतला सेल कात्रीचा झटका सोसत नाही. १५-२० अँपिअर देणारा आणि बाकीच्यांच्याच क्षमतेचा सेल लागतो. ‘९९०० एमएएच’ लिहिलेला १८६५० सेल सरळ खोटा, या मापात साडेतीन हजारांच्या आसपासच मर्यादा येते. सोनाराच्या काट्यावर खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ मिलिमीटर जाडीची हवी. निकेल चढवलेले लोखंड ओळखायचे तर ओरखडा मारून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज चढतो. जोड स्पॉट वेल्डिंगनेच करावा, सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल खराब होतो. पॉझिटिव्ह टोकाची कागदी चकती विसरू नका. सेलचे बाकी सगळे कवच निगेटिव्ह असते. काही कंपन्यांचे बोर्ड चार्जिंग वारंवार फसले की कायमचे लॉक होतात. मग सेल नवे घालूनही उपयोग नाही. हा ग्राहकावर सरळ अन्याय आहे आणि दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत तो यायला हवा.

टाकाऊ सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळे द्यावेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण दुकानात विचारले तर हात वर होतात. छाटणीच्या हंगामात निदान तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांवर तरी उत्पादकांनी एकेक पेटी ठेवावी.

– एक टूल-दुरुस्ती कारागीर, नाशिक