विन्यास पत्र

सातारा,
१२ जून

प्रिय विन्या,

तुझं वेळापत्रक पोचलं. पहाटे साडेचारला उठणं, योगासनं, इंग्रजी संभाषण, शेअर बाजार, वाचन, हळदीच्या निर्यातीचा अभ्यास, रात्री दहाला दिवे बंद. वाचूनच मला धाप लागली. लेका, हे वेळापत्रक आहे की होस्टेलची नोटीस?

मास्तर माणूस मी, आधी हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोज सात, म्हणजे ४९ गेले. दुकानाचे रोज दहा, सहा दिवसांचे ६०. आंघोळ-जेवण, अण्णांचं औषधपाणी मिळून रोज तीन धरले तर २१. तरी ३८ उरतात. वेळ आहे रे. त्याला मालक नाही, म्हणून जो येतो तो उचलून नेतो. कधी भिशी, कधी वास्तुशांत, कधी कुणाच्या पुतणीचं स्थळ बघायला गाडी काढ, आणि उरलेला तो फोन.

आता यादीकडे ये. शेअर बाजार तुझ्या साडूचा आहे, तुझा नव्हे. इंग्रजी पोरीच्या शाळेतल्या मीटिंगच्या धास्तीनं आलंय. योगासनं वहिनींची. ती कर, पाठीला बरी. पण त्याला ध्येय म्हणू नकोस. तुझं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच, निर्यात. विलिंग्डन कॉलेजच्या कट्ट्यापासून तू तेच बोलतोयस. आणि ते पैशासाठी नाही हेही मला ठाऊक आहे. हरिपूरला पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, हळद बाहेर काढताना तूच म्हणाला होतास, "माल आमचा, आणि पुड्यावर नाव भलत्याचंच." २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव याच भागातल्या मालाचं असा सरकारी शिक्का, मिळालं तेव्हा पेढेही तूच वाटलेस. तुझा हेतू आहे तो हा. बाकीचं सगळं यानंतर.

हेतू पक्का असला की तेच तास वेगळे वागतात. इथे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव रोज कानावर पडतं, पण त्यांच्या फिरतीच्या नोकरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काचेच्या मालाचे आणि नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडत. गावात माल खपवायचा आणि शाळेविना राहिलेली पोरंही बघायची. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली ती या पायपिटीतून. वेगळा वेळ काढून नव्हे.

मात्र 'निर्यात करायची' एवढ्यानं भागत नाही, ती नुसती इच्छा झाली. त्याला तारीख लाव. गणपतीच्या आत आयात-निर्यात कोड. अर्ज ऑनलाइन असतो, फी ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा कॅन्सल चेक हाताशी ठेव. कोड हातात आल्याशिवाय मसाला मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी होत नाही, ती दिवाळीच्या आत. मधल्या काळात आपल्या राजापुरी हळदीचा नमुना प्रयोगशाळेत दे. कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, किती, ओलावा किती, कीटकनाशकाचा अंश निघतो का, हे कागदावर असल्याशिवाय परदेशातला गिऱ्हाईक बोलत नाही.

आणि साडेचारचं खूळ सोड. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मांडलंय की नुसतं 'करीन' म्हणणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणाऱ्याचं काम जास्त तडीस जातं. तुझ्यापुरतं सांगायचं तर दुपारी जेवून हात धुतले की दुकानाच्या माडीवर जायचं, फोन गल्ल्यापाशी ठेवून. तासभर पुरे. सौदे सकाळी उरकलेले असतात, अण्णा वामकुक्षीला गेलेले, हमालही सावलीला. मार्केट यार्डातला तेवढाच निवांत तास आहे, आणि आज तो तू व्हॉट्सअ‍ॅपला देतोयस.

नव्या हळदीचा हंगाम लागला की मात्र यातलं काही जमणार नाही. तेव्हा माडीवर न गेल्याबद्दल जीव जाळू नकोस. म्हणूनच पावसाळा-दिवाळीचे दिवस आत्ता धरायचे.

सगळ्यात अवघड काम नाही म्हणायचं. भिशी सोडलीस तर चार जण तोंड वाकडं करतील, करू देत. साडूला सांग, पैसे नाहीत. ते पटतं लोकांना. वेळ नाही म्हटलं की राग येतो.

अर्जाला बसशील त्या रविवारी मी सांगलीला येतो, शाळेला सुट्टीच असते. अण्णांना आधी सांगून ठेव, कोडासाठी दुकानाचे कागद त्यांच्याच कपाटातून निघणार आहेत.

अण्णा-काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरीला आठवण.

तुझा,
सुध्या