निर्लेखनातले कॉम्प्युटर मुलांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे सोलापुरातल्या कॉलेजांत, पतसंस्थांत, कारखान्यांच्या ऑफिसांत चांगले चालणारे कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकू लागलेत. पुढची वाट ठरलेली: डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, निर्लेखनाचा, म्हणजे वापरातून काढून टाकण्याचा ठराव, मग किलोच्या भावाने भंगार. त्या ढिगाबद्दल हे पत्र.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. मदतनीस हवा असला की मुलाखतीला पोरं येतात. हुशार असतात. फायलीत क्लाउडची, सायबर सिक्युरिटीची सर्टिफिकेटं असतात, त्यासाठी घरच्यांनी पुण्यात खोली घेऊन देऊन क्लासची फी भरलेली असते. मी विचारतो, ‘सर्व्हरची डिस्क भरली. तू भलीमोठी लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची) उडवलीस, तरी डिस्क किती भरली ते सांगणारी ‘डीएफ’ कमांड शंभर टक्केच दाखवतेय. आता?’ बहुतेक जण म्हणतात, सर्व्हर रीस्टार्ट करू. जागा मोकळी होईलही, पण तोवर डिस्पॅचचं बिलिंग बंद आणि गेटवर ट्रक उभे. फाइलचं नाव गेलं तरी ती उघडी धरून बसलेला प्रोग्राम ती सोडत नाही तोवर जागा परत मिळत नाही. कुठली फाइल कुणी उघडी धरलीय ते दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ कमांडने तो प्रोग्राम शोधायचा आणि तेवढाच रीस्टार्ट करायचा.

हे एका मुलीने लगेच सांगितलं. कुठे शिकलीस विचारलं, तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून टाकलेल्या पीसीवर. ती आता आमच्याकडेच आहे.

तेव्हा बारावीनंतर ‘सिस्टीम अ‍ॅडमिन व्हायचंय, कुठला क्लास लावू’ असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की क्लास नंतर, आधी मशीन. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला जुना डबा पुष्कळ झाला. त्यावर डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम टाका, तेही डेस्कटॉपशिवाय. समोर नुसता काळा पडदा आला की दोन दिवस चिडचिड होते, होऊ द्या. मग मॉनिटर काढून ठेवा आणि मोबाइलवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लांबून कमांड चालवायची सोय) त्यात शिरा. घरच्या राउटरवर त्याला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) द्या, एक साधं वेबपेज चढवा, बहिणीच्या फोनवर ते उघडतं का बघा. आयपीने उघडतं पण नावाने उघडत नाही, असं झालं की डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, काय असते ते आपोआप कळतं. काही बंद पडलं तर गूगलकडे धावण्याआधी ‘जर्नलसीटीएल’ या कमांडने सिस्टीमचे लॉग उघडून वाचा. कमांड अडली तर तिच्या आधी ‘मॅन’ लिहा, अख्खी माहिती तिथेच असते (बाहेर पडायला क्यू, हे कुणी सांगत नाही).

इंग्रजीची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे लिनक्सचे पाठ मराठीत ऐकता येतात. दहाएक मिनिटांचे पाठ, सगळे फुकट. एक वही मात्र करा. काय बदललं, का बदललं, तारखेसकट. नोकरीत हीच सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि तीच कुणाला नसते.

बॅकअपवर मी जरा जास्तच अडून बसतो. बॅकअप घेणारे पुष्कळ भेटतात, तो परत आणून पाहिलेले मोजके. घरच्या मशीनवर एक फोल्डर मुद्दाम उडवा आणि बॅकअपमधून परत आणा. एखादी फाइल आलीच नाही, आली तर तिच्या परवानग्या (ती कुणी वाचायची, कुणी बदलायची) बिघडलेल्या, असं सगळं घडेल. ते घरी घडलेलं बरं, मार्चअखेरीला अकाउंट्सवाल्यांसमोर नको.

आणि आपल्या गावापुरतं: इथे कापसाचं तूस आणि मे महिन्याचं ऊन दोन्ही आहे. पंखा तुसाने चोंदला की मशीन तापून बंद पडतं आणि मुलं सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. ब्रशने झाडत जा. धूळ बसू नये म्हणून आई चालू मशीनवर कापड टाकते, ते काढा. सोलापुरी चादर असली तरी.

आता संस्थाचालकांना. ‘डिस्कमध्ये आमचा डेटा आहे’ ही तुमची भीती रास्त आहे. पण भंगारात तरी तो कोण पुसून देतो? जुन्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली की तो डेटा वाचता येत नाही. तेवढाही विश्वास नसेल तर डिस्क काढून घ्या आणि नुसता डबा द्या, मूल छोटी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) विकत घेईल. निर्लेखनाच्या ठरावातच ‘पैकी काही संच विद्यार्थ्यांना’ अशी ओळ घाला आणि यादी नोटीस बोर्डावर लावा. डिस्का पुसायला माणूस नाही म्हणाल, तर रविवारी मला सुट्टी असते. मी येतो, मशिनी एका खोलीत लावून ठेवा आणि त्या खोलीची वीज दिवसभर चालू राहील तेवढं बघा.

आपला नम्र,
एक सिस्टीम अ‍ॅडमिन, अक्कलकोट रस्ता, सोलापूर