चोपड्याच्या नानांना, चार लोकांसमोर

नाना, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "राहू द्या ओ ताई" म्हणता आणि पावसापाण्याचं काढता. म्हणून इथं लिहिते.

स्टीव्हियाची रोपं विकणारे गाडी घेऊन आले तेव्हा काय थाट होता त्यांचा! याच्या पानांचा अर्क साखरेच्या 200-300 पट गोड, एकदा लावा आणि तीन-चार वर्षं कापत राहा, पाला आम्हीच उचलू. गोडीचं खरं निघालं. सासूबाईंनी पान चावलं नि म्हणाल्या, "भलतं गोड शे व माय!" पण मूळ पॅराग्वेचं हे झाड आमच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत तगवायचं कसं, ते कोणी बोललं नाही. केळीसारखं पाणी द्या म्हणाले. पावसाळ्यात रोपांनी माना टाकल्या आणि त्या रोपंवाल्यांचे फोन लागेनात. एकदा त्यांचा माणूस आला. बांधावरूनच "मालक कुठंय?" विचारलं, फोटो काढले, गेला.

तुम्ही आलात तेव्हाही हे घरी नव्हते. तुम्ही चपला बांधावर काढल्या, सरीत उकिडवे बसलात, एक रोप उपटून मुळं बोटांनी चोळलीत. साल निसटून हातातच आली, पाण्याने मुळं कुजली होती. ती हुंगलीत आणि मला म्हणालात, "ताई, पाणी तुम्हीच सोडता ना? मग सांगा, कधी आणि किती वेळ?" खिशातली वही काढून शेतकऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलंत. सातबाऱ्यावर ते नाही, नाना. लग्न होऊन आले तेव्हापासून या रानात राबतेय, पण शेतातलं मला कोणी विचारलं नव्हतं. सल्ला काय, पानटपरीवरही फुकट मिळतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गादीवाफे उंच केले, ठिबकची वेळ कमी केली. निम्मा प्लॉट गेलाच, निम्मा तगला. कळी दिसली की कापायचं, फुलं आली की गोडी उतरते, हे तुमचं वाक्य आता मी दुसऱ्यांना सांगते. सावलीत वाळवलेला पाला तुम्ही गाठ घालून दिलेल्या व्यापाऱ्याने कडता (वजनातली कपात) न कापता घेतला, रोख.

फटफटीच्या पेट्रोलचे पैसे मात्र तुम्ही घेतले नाहीत. पुढच्या कापणीला या, तेव्हा घ्यावेच लागतील. आणि काकूंना सोबत आणा, भरीत-भाकरीचा बेत आहे.

तुमची ताई