सायलीस: विक्सचा शेअर आणि घराचे पैसे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवताना म्हणालीस, "आई, तुला फक्त भीतीच दिसते." तेव्हा गप्प बसले, म्हणून हे पत्र. विक्स (Wix) या वेबसाइट बांधायची सोय देणाऱ्या कंपनीचा शेअर पडलाय तर आणखी घ्यायचा, हा तुझा विचार मुळातच चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. फक्त घराच्या पैशांतून नको. हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं, ते लिहून झालं. आता हिशेब.

तू किंमत काढलीस ती मोकळ्या रोकडीवर, म्हणजे धंद्याचे खर्च भागवून हातात उरणाऱ्या पैशावर. २०२४ साली विक्सची विक्री १७६ कोटी डॉलर आणि मोकळी रोकड सुमारे ४८ कोटी. आकडा खरा आहे. पण त्यातले जवळपास २४ कोटी वाचले ते कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग शेअरमध्ये दिल्यामुळे. तो खर्च रोकडीत दिसत नाही, तो तुझ्या हिश्शातून जातो. मग कंपनी बायबॅक करते, म्हणजे स्वतःचे शेअर परत विकत घेते, तेव्हा त्यातला काही भाग नुसती ही नव्या शेअरांची भर निस्तरण्यात संपतो. म्हणून मालकाचे २४ कोटीच धर. शिवाय ग्राहक वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो, त्यामुळे बुकिंग्ज (ग्राहकांनी कबूल केलेल्या वर्गण्या) वाढत असतात तोवर रोकड नफ्याहून फुगलेली दिसते. नवे ग्राहक आटले की पहिला फटका या रोकडीला बसतो, विक्रीचा आकडा मागाहून उतरतो. तू विक्री बघून निर्धास्त होतेस, ते इथं चुकतं.

दहा टक्के परतावा हवा असं धरून तीन वेळा मांड. रोकड २४ कोटींवरच थांबली तर धंद्याची किंमत २४० कोटी. दरवर्षी ५ टक्के कायम वाढली (ही धारणा उदार आहे) तर ५०४ कोटी. दरवर्षी १० टक्के घटत गेली तर १०८ कोटी. या शेवटच्या आकड्यात थोडा अन्याय आहे, कारण नवे ग्राहक येणारच नसतील तर त्यांच्यासाठीची जाहिरातही थांबेल आणि ते पैसे वाचतील. जो आकडा पटेल त्यात रोकड आणि ठेवी मिळव, कर्ज वजा कर, मगच शेअरांच्या संख्येनं भाग. कर्जात सप्टेंबर २०२५ चे ११५ कोटींचे शून्य व्याजाचे परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) रोखे विसरू नकोस. शेअर वर गेला नाही तर २०३० मध्ये ते रोखीनं फेडावे लागतील.

१०८ आणि ५०४. एकाच कंपनीच्या दोन किमती, दोन्ही शहाण्या माणसाला पटतील अशा. ज्या वस्तूच्या किमतीत साडेचारपट अंतर पडू शकतं तिथं तुझ्या बचतीचा किती हिस्सा आहे, हे तू दोनदा विचारूनही सांगितलं नाहीस.

जाऊ दे. एआयमुळे विक्सचं काही बिघडणार नाही, हे तुझं म्हणणं मला अर्धं पटतं. लव्हेबल किंवा रेप्लिट या एआय साधनांना नुसतं सांगून वेबसाइटचं पान एका दुपारी तयार होतं. पण केकवालीला नुसतं पान नको असतं. तिला डोमेन, होस्टिंग, पैसे घेण्याची सोय, ऑर्डरींची वही आणि सणाच्या आदल्या रात्री साइट बंद पडली तर जबाबदार कोणीतरी हवं असतं. असे जुने ग्राहक सहज हलत नाहीत. माझी काळजी पार्टनरांची, म्हणजे दुसऱ्यांना साइट बांधून देणाऱ्या एजन्सींची आहे. विक्सची वाढ तिथून जोरात येते, आणि कोड हाताळता येत असल्यामुळे सर्वांत आधी दुसरीकडे वळू शकतील तेही तेच. तिमाही निकालात पार्टनरांची वाढ आणि नव्या ग्राहकांच्या तुकडीची बुकिंग्ज, या दोन ओळी आधी वाच.

विक्सनं बेस४४ ही एआयला सांगून सॉफ्टवेअर बांधू देणारी कंपनी जून २०२५ मध्ये सुमारे ८ कोटी डॉलरला घेतली, ते मला शहाणपणाचं वाटतं. मात्र तिथला डॉलर आणि जुना डॉलर सारखे मोजू नकोस. जुन्या वर्गणीत ऐंशी टक्क्यांवर ढोबळ नफा सुटतो. बेस४४ वर ग्राहकानं दिलेल्या प्रत्येक सूचनेचे पैसे एआय मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीला जातात, बरेच जण महिन्याच्या बोलीवर असतात, आणि जाहिरात मात्र आजच्या आज खर्ची पडते. विक्री वाढतेय आणि रोकड आटतेय असं एकाच वेळी होऊ शकतं. आणि विक्सची स्पर्धक स्क्वेअरस्पेस पर्मिरा या गुंतवणूक कंपनीनं शेअरला ४६.५० डॉलरनं घेतली हा तुझा दाखला २०२४ चा आहे. एआयशी गप्पा मारत सॉफ्टवेअर बांधण्याची ही लाट त्यानंतरची.

फार शिकवलं का? माफ कर. हे सगळं तू स्वतः वाचतेस, समजून घेतेस, याचा मला किती अभिमान वाटतो ते फोनवर बोलताच येत नाही. चौथीत असताना ओवाळणीचे पैसे तीन डब्यांत ठेवायचीस, आणि सायकलच्या डब्याला विन्यालासुद्धा हात लावू द्यायची नाहीस. झाकणावर रबरबँड, वर चिठ्ठी. तो डबा अजून माळ्यावर आहे.

नानांच्या पतसंस्थेचं मी पुन्हा काढणार नाही. पण तेव्हाही व्याजाचा दर सगळ्यांना पाठ होता, आणि एकाच ठिकाणी किती ठेवलंय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

घ्यायचाच असेल तर पुढचे दोन तिमाही निकाल बघून, तीन हप्त्यांत घे. एकूण बचतीच्या पाच टक्क्यांपुढे नको. घराच्या डाउन पेमेंटचे पैसे वेगळ्या खात्यात हलव, याच आठवड्यात.

बाबांना अजून काही बोलले नाही, त्यांचं पथ्य नुकतं सुरू झालंय. रविवारी फोन करशील तेव्हा "आधी आईला दे" म्हण, आणि बचतीतला किती हिस्सा विक्समध्ये आहे तो आकडा सांग. टक्क्यांतच सांग, रक्कम नको.

तुझी,
आई