सिद्दींच्या इतिहासातून गळलेले बंदर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खानापूर-हल्याळकडच्या सिद्दींवर, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या आपल्याकडच्या समाजावर, लेख आला की तो बहुधा मलिक अंबर नाहीतर जंजिऱ्यापासून सुरू होतो. अंबरही गुलाम म्हणूनच विकला गेला होता, पण तो बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला. आपल्या रानातल्या सिद्दींची वाट बरीचशी गोव्यावरून येते, आणि नेमके तेच बंदर लेखांतून गळते.

१५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेल्यावर तिथला गुलामांचा व्यापार वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालला. लिस्बनहून मार्च-एप्रिलात सुटलेली जहाजे जुलै-ऑगस्टात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या मोझांबिक बेटावर येत आणि नैऋत्य वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास मांडवीत शिरत. वारा चुकला तर पुढच्या मोसमापर्यंत बेटावरच मुक्काम, आणि तिथे तापाने माणसे मरत. अठराव्या शतकात दीव-दमणच्या वाण्यांनीही गुजराती कापड तिकडे नेऊन हस्तिदंताबरोबर माणसे आणली. व्यापारी आपल्याच किनाऱ्यावरचे होते, हेही लिहायला हवे. (पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीच्या नोंदी आहेत, तेव्हा घाटावरच्यांनीही फार नाक वर करू नये.)

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून वर जाणारा रस्ता म्हणजे ‘रुआ दिरैता’. १५८३ मध्ये आलेल्या लिन्स्खोटेन या डच माणसाने तिथला सकाळचा लिलाव लिहून ठेवला आहे; दागिने, घोडे आणि माणसे एकाच बाजारात. विकत घेतलेल्यांनी पालखी वाहायची, मालकावर छत्री धरायची, बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी मडक्यांतून गल्लोगल्ली विकून पैसे मालकाला द्यायचे. विक्रीला बंगाल, चीन, जपानकडचेही लोक असत.

कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयात चालेनासा झाला. पोर्तुगिजांनी गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम काढला १८६९ मध्ये. मधली सव्वीस वर्षे अनमोड किंवा तिनईघाटापलीकडचे कंपनीच्या मुलखातले जंगल गाठले की मालकाचा दावा लंगडा पडे. त्याआधीही माणसे पळतच होती, पण तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने नव्हता.

पणजीच्या पुराभिलेखागारात या गुलामांच्या नोंदींचा शोध घेणाऱ्यांनी दोन ठिकाणी जपावे. ‘मोझांबिक’ ही नोंद चढवल्याच्या बंदराची असते, मूळ गावाची नव्हे. आतल्या दूरदूरच्या मुलखातली माणसे त्या बेटावर गोळा केली जात. दुसरे, बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नाव येई आणि जुने नाव कागदावरून जाई. त्यामुळे नावावरून वंशावळ मागे नेण्याचा प्रयत्न तिथेच अडतो. जनुकीय अभ्यासांनी मात्र या समाजाचा धागा आफ्रिकेतल्या बांटूभाषकांशी जोडला आहे.

बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला तो २०२० मध्ये, उत्तर कन्नडमधल्यांच्या बऱ्याच नंतर. या यादीला धर्माची अट नसते. त्यामुळे ‘सिद्दी हिंदू की ख्रिस्ती की मुसलमान’ या चर्चेत आपल्या पानाची अर्धी जागा घालवण्यापेक्षा पुढच्या लेखकाला एकदा रुआ दिरैतावर पाठवावे, ही विनंती.

– एक वाचक, ता. खानापूर