हैफाच्या लढाईतला पलीकडचा सेनापती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २३ सप्टेंबर जवळ आला की पहिल्या महायुद्धातल्या, पॅलेस्टाईनमधील हैफाच्या लढाईवर लेख येतात. जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईत स्वारांनी १९१८ मध्ये तोफा-मशिनगनांवर घोडे घातले, मेजर दलपतसिंह धारातीर्थी पडले, हे सगळे त्यांत असते आणि असायलाच हवे. समोर मात्र फक्त 'तुर्क आणि जर्मन' असतात. त्यांचा सेनापती कोण, याचा पत्ता नाही.

तो होता ऑटो लिमान फॉन झांडर्स. हुद्दा : घोडदळाचा जनरल. हा हुद्दाही त्याला रणांगणावर मिळाला नव्हता. १९१३ च्या डिसेंबरात तो जर्मन लष्करी मंडळ घेऊन इस्तंबूलला गेला आणि राजधानीतली कोअर (मोठी सैन्यतुकडी) त्याच्या हाती दिल्याबद्दल रशियाने थयथयाट केला. तोडगा निघाला बढतीचा. जानेवारी १९१४ मध्ये तो जर्मनीत घोडदळाचा जनरल झाला, म्हणजे तुर्की सैन्यात मार्शल. आणि मार्शलने कोअर सांभाळणे हे हुद्द्याला शोभणारे नाही! रशियाचेही समाधान झाले.

त्याची कीर्ती तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पाच्या बचावाची. तिथे ब्रिटिश आणि त्यांचे मित्र नेमके कुठे उतरणार हे त्याने ओळखले असे समजणे मात्र चूक आहे. २५ एप्रिल १९१५ ला तो द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला बुलायरच्या डोंगरावरून सारोसच्या आखातातली ब्रिटिश जहाजे न्याहाळत होता आणि ती जहाजे निव्वळ हूल देत होती. खरे सैन्य दक्षिणेला उतरले. तरी तो तरला, कारण आधीच्या चार आठवड्यांत त्याने किनाऱ्यावर विखुरलेल्या तुकड्या मागे गोळा केल्या होत्या, रस्ते करवून घेतले होते आणि सैन्याला रात्री कूच करायची सवय लावली होती. ऑगस्टमध्ये त्याच द्वीपकल्पावर सुव्हलाला नवे ब्रिटिश सैन्य उतरले, तेव्हा तिथला तुर्की सेनाधिकारी फैजी बे म्हणाला, माणसे थकली आहेत, हल्ला उद्या करू. लिमानने त्याला त्याच रात्री काढले आणि सूत्रे मुस्तफा कमाल (पुढचा अतातुर्क) नावाच्या कर्नलकडे दिली. माझ्या मते त्याच्या साऱ्या युद्धातला सर्वांत मोठा निर्णय हाच.

म्हणूनच १९१८ चा लिमान कोड्यात टाकतो. मार्चमध्ये पॅलेस्टाईनची आघाडी हाती आल्यावर त्याने जागा न सोडण्याचा हट्ट धरला. जवळजवळ सगळे सैन्य पुढच्या खंदकांत बसवले, पाठीशी राखीव फौज नावालाच. सैनिक उपाशी, रोज पळून जाणारे. १९ सप्टेंबरला ब्रिटिश सेनापती ॲलेनबीने किनाऱ्यालगत फळी फोडली आणि त्या खिंडारातून घोडदळ आत शिरले, त्यात मोठा भरणा हिंदी स्वारांचा. विमानांनी अफुला इथले टेलिफोन केंद्र आधीच उडवले होते, त्यामुळे नाझरेथच्या मुख्यालयात बसलेल्या लिमानला पुढे काय झाले याची धड खबरच लागली नाही. २० तारखेच्या पहाटे स्वार थेट नाझरेथच्या गल्ल्यांत घुसले. मुख्यालयातले कारकूनही बंदुका घेऊन लढले. लिमान निसटला. (तो रात्रीच्या कपड्यांतच पळाला ही गोष्ट चवीने सांगतात; तिच्यावर फार विसंबू नये.) घोडदळाच्या जनरलला घोडदळानेच पळवून लावले.

हैफाचा हल्ला यानंतर तीन दिवसांनी झाला. जोधपूरच्या स्वारांचे शौर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण तोवर समोरची सेना मोडलेली होती, हे वाचकाला सांगायला काय हरकत आहे?

लिमानवर लिहिताना एक गोष्ट गाळू नये. १९१६ मध्ये स्मर्नातील (आजचे इझमिर) आर्मेनियनांची हद्दपारी त्याने लष्करी बळाची धमकी देऊन थांबवली. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयवालिकच्या ग्रीकांना घालवून देण्यात मात्र त्याचाच हात असल्याचा आरोप आहे. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी त्याला माल्टात काही महिने अटकेत ठेवले होते.

यंदाच्या हैफा पुरवणीत नाझरेथच्या त्या पहाटेला निदान एक चौकट मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा